राणीची बाग व तिचे वृक्ष

त्र्यंबकेश्वरासारख्या क्षेत्रांत राहणाऱ्या एका वृद्ध शिक्षकानें मुंबईंतील एका बागेविषयीं आपणांशीं बोलावें, हें प्रथमदर्शनीं थोडें विचित्र वाटेल. आमच्या गांवीं बाग म्हणण्यासारखी मोठी बाग नाहीं. तेथें ब्रह्मगिरि आहे, कुशावर्त आहे, आणि श्रावणांत डोंगरमाथ्यावरून खालीं उतरणारें धुकें आहे. परंतु मुंबईचा व आमचा एक जुना ऋणानुबंध आहे, आणि सकाळीं नळ उघडणाऱ्या मुंबईकराच्या तो सहसा ध्यानांत येत नाहीं. त्र्यंबकच्या डोंगरांवर पडणाऱ्या पावसाचे दोन वांटे होतात. एक वांटा गोदावरीच्या रूपानें पूर्वेकडे वळतो व सुमारें १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळतो. दुसरा वांटा वैतरणेच्या रूपानें पश्चिमेकडे उतरतो. याच वैतरणेवर १९५७ सालीं मोडकसागर, १९७३ सालीं ऊर्ध्व वैतरणा आणि २०१४ सालीं मध्य वैतरणा अशीं धरणें पुरीं झालीं, व मुंबईच्या पाण्याचा मोठा भाग त्यांतून जातो. तेव्हां आमच्या डोंगरांच्या पाण्यावर जगणाऱ्या त्या शहरांत काय वाढतें व काय सुकतें, हें पाहण्याचा थोडासा अधिकार आम्हांसहि आहे, असें म्हटल्यास आपण रागावणार नाहीं.

परंतु या विषयाकडे मी वळलों त्याचें खरें कारण निराळें आहे, आणि तें सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं मी ज्या शाळेंत शिकवीत होतों, तिच्या आवारांत, माझ्या वर्गाच्या खिडकीजवळ, एक मध्यम उंचीचें दाट पानांचें झाड होतें. माघ-फाल्गुनांत त्यास शेंदरी फुलांचे घोस येत. कोंवळीं पानें तांबूस रंगाचीं असत व खालीं लोंबत. पुढें शाळेस नवी खोली बांधावयाची झाली आणि झाड आड येऊं लागलें. अर्जांत झाडाचें नांव लिहावयाचें होतें; परंतु आम्हां शिक्षकांपैकीं एकासहि तें ठाऊक नव्हतें. शेवटीं ‘एक रानटी झाड’ असें मींच माझ्या हातानें लिहिलें, आणि दोन दिवसांत तें जमीनदोस्त झालें. त्याच खिडकीशीं उभा राहून मीं वर्षानुवर्षें मुलांना अशोकवनांतील सीतेची कथा सांगितली होती, आणि ‘अशोक तो पाहा’ म्हणून रस्त्याच्या कडेचें तें उंच, सरळ, अरुंद झाड दाखविलें होतें.

त्यानंतर कित्येक वर्षांनीं, सेवेंतून निवृत्त झाल्यावर, नातवाला घेऊन मी राणीच्या बागेंत गेलों. नातवाला पक्षी पाहावयाचे होते. मला सांवलींत बसावयाचें होतें. एका झाडाखालीं उभा राहिलों, मान वर केली, आणि तेच शेंदरी घोस, तींच लोंबतीं तांबूस पानें दृष्टीस पडलीं. खोडावरील पाटी वाचली. तीवर लिहिलें होतें, ‘सीता अशोक.’ शाळेंतील तें ‘रानटी झाड’ म्हणजेच खरा अशोक होता. मीं मुलांना दाखविलेला अशोक निराळ्याच कुळांतला. तो सीताफळाचा भाऊबंद. खरा अशोक हा चिंचेच्या कुळांतला, सह्याद्रीच्या ओलसर रानांत मूळचाच वाढणारा, आणि आतां इतका विरळ झालेला कीं, संकटांत सांपडलेल्या जातींच्या जागतिक यादींत त्याचें नांव घालावें लागलें आहे. मीं त्यास ओळखलें असतें तर कदाचित् खोली दहा हात पलीकडे बांधतां आली असती. पण ज्याचें नांवच ठाऊक नाहीं, त्याचा कैवार घ्यावयास कोण पुढें येणार? त्या दिवसापासून राणीच्या बागेचा इतिहास मी जमेल तसा वाचूं लागलों. मी वनस्पतिशास्त्राचा पंडित नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसास जें समजलें, तेंच आज आपणांपुढें मांडीत आहें.

मुंबईंत भायखळ्यास, रेल्वे स्थानकापासून थोड्याच अंतरावर, ही बाग आहे. तिच्याहि आधीं शेतकी व बागाईत यांच्या सुधारणेसाठीं स्थापन झालेल्या एका मंडळाची बाग शिवडीस होती. ती जागा पुढें स्मशानभूमीसाठीं देण्यांत आली. आजची शिवडीची ख्रिस्ती दफनभूमि ती हीच. त्यापूर्वींच, १८६१ सालीं, भायखळ्यास नव्या बागेचें काम सुरू झालें होतें. १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्तें ती लोकांस खुली झाली. इंग्लंडच्या राणीचें नांव तिला दिलें गेलें, म्हणून लोक तिला ‘राणीची बाग’ म्हणूं लागले. स्वातंत्र्यानंतर तिचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असें झालें. तेव्हां राणी गेली व राजमाता आली. ‘राणीची बाग’ हें लोकांच्या तोंडचें नांव मात्र कायम राहिलें.

बाग ज्या दिवशीं खुली झाली, त्याच दिवशीं तिच्या आवारांत एका वस्तुसंग्रहालयाचीहि कोनशिला बसविण्यांत आली. त्या संग्रहालयासाठीं डॉ. भाऊ दाजी लाड, नाना शंकरशेट व डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनीं पुष्कळ खटपट केली होती. तें १८७२ सालीं उघडलें. १९७५ सालीं त्यास भाऊ दाजींचें नांव देण्यांत आलें. आणि अलीकडे त्याची उत्तम डागडुजी होऊन २००८ सालीं तें पुन्हां लोकांस खुलें झालें. त्या इमारतीबाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. हा मूळचा घारापुरी बेटावरचा; त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनीं त्या बेटास ‘एलिफंटा’ हें नांव दिलें. १८६४ सालीं त्यास विलायतेस नेण्याच्या खटाटोपांत यारीची सांखळी तुटून तो पडला व त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेंत आणून ठेवले गेले, व १९१४ सालीं ते सांधून हत्ती पुन्हां उभा करण्यांत आला. मुंबईच्या एका भागास ‘काळा घोडा’ हें नांव ज्याच्यामुळें पडलें, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाहि १९६५ सालीं येथेंच आणून ठेवला गेला.

१८७३ सालीं बाग शहराच्या नगरपालिकेकडे आली, आणि १८९० च्या सुमारास तिची हद्द वाढवून तेथें प्राणिसंग्रह करण्यांत आला. माझ्या मतें बागेच्या पुढील सर्व इतिहासाची मेख येथेंच आहे. मुळांत ती वनस्पतींची बाग होती. देशोदेशींचीं झाडें आणून तीं आपल्या हवेंत कशीं वाढतात तें पाहावें, व सामान्य नागरिकास त्यांचा परिचय व्हावा, हा तिचा हेतु. पण वाघ-सिंह आल्यावर झाडांकडे कोण पाहणार? पन्नास एकरांहून अधिक विस्ताराची ही बाग हळूहळू लोकांच्या मनांत केवळ ‘प्राण्यांची बाग’ होऊन बसली, आणि वृक्ष हे पिंजऱ्यांवर सांवली धरणारे मुके चाकर ठरले.

आपण आतां त्या मुक्या चाकरांपैकीं कांहींची ओळख करून घेऊं. तेथें गोरखचिंच आहे. ही मूळची आफ्रिकेची. तिचें खोड पिंपासारखें फुगलेलें असतें, कारण कोरड्या ऋतूसाठीं तें पाणी सांठवून ठेवतें. तिचीं मोठीं पांढरीं फुलें रात्रीं उमलतात, आणि वटवाघळें त्यांतील मध चाखतांना एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेतात. आफ्रिकेच्या झाडास आपल्या लोकांनीं गोरखनाथांचें नांव देऊन घरचें करून टाकलें, याचें आम्हां त्र्यंबककरांस विशेष कौतुक वाटतें. कारण त्याच नाथपरंपरेंतील गहिनीनाथांनीं आमच्या ब्रह्मगिरीवर निवृत्तिनाथांस उपदेश केला, अशी परंपरा आहे. तेथें कैलासपति आहे. त्याचीं फुलें फांद्यांच्या टोंकास न येतां खोडावरच फुटतात, आणि फुलांतील केसरांची रचना पिंडीवर फणा धरलेल्या नागासारखी दिसते. हा वृक्ष दक्षिण अमेरिकेचा. पण ज्योतिर्लिंगाच्या गांवीं जन्मलेल्या माणसानें तें फूल हातीं घेतलें कीं, त्याचे हात नकळत जोडले जातात.

ब्रह्मदेशची उर्वशी तेथें आहे. गव्हर्नर जनरल लॉर्ड अ‍ॅमहर्स्ट यांची पत्नी व कन्या या वनस्पतींच्या अभ्यासक होत्या. त्यांच्या नांवावरून उर्वशीचें शास्त्रीय नांव ठेवलें गेलें. तिच्या लाल-पिवळ्या फुलांचे हार फांदीवरून झुंबरासारखे लोंबतात. तेथें कृष्णवड आहे. त्याचें पान देंठाशीं वळून त्याचा द्रोण होतो, आणि बाळकृष्णानें त्यांत लोणी लपविलें अशी कथा सांगतात. मादागास्कर बेटावरची कोलव्हिलिया तेथें पावसाळा सरल्यावर नारिंगी घोसांनीं फुलते. आणि या सर्व परदेशी पाहुण्यांच्या पंक्तींत आपला सीता अशोकहि आहे. गणती करतां बागेंत तीन हजारांहून अधिक वृक्ष व त्यांच्या पावणेतीनशेंहून अधिक जाती भरल्या. भोंवतीं दाट वस्ती, जुन्या गिरण्या, आगगाडीचे रूळ. आणि त्यांच्या मधोमध हा संग्रह! कोणा एका पिढीनें मनांत आणलें तरी तो पुन्हां उभा करतां येणार नाहीं, कारण त्याची किंमत पैशांत नसून वर्षांत मोजावी लागते.

येथें कोणी विचारील, ‘झाडें न तोडतां त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेंत चार इमारती बांधल्या तर काय बिघडलें?’ प्रश्न रास्त आहे. आपली समजूत अशी असते कीं, झाड जितकें वर उंच, तितकींच त्याचीं मुळें खालीं खोल. वास्तविक अन्न व पाणी शोषणारीं बारीक मुळें बहुधा वरच्या हात-दोन हात मातींतच असतात, आणि आडवीं पसरत पसरत फांद्यांच्या घेराच्याहि पुष्कळ बाहेर जातात. या मुळांस पाण्याइतकीच हवेचीहि गरज असते. मातीच्या कणांमधल्या फटींतून ती त्यांस मिळते. त्या मातीवरून जड यंत्रें फिरलीं, मुरूम दाबला गेला, किंवा फरशी व सिमेंट घातलें कीं, त्या फटी बुजतात. पाणी मुरत नाहीं आणि मुळें गुदमरतात. झाड लगेच मरत नाहीं. तें चार-सहा वर्षें आपल्या सांठ्यावर जगतें, शेंड्याकडून वाळूं लागतें, आणि एखाद्या वादळांत कोसळतें. तेव्हां लोक वाऱ्यास दोष देतात. खरी कुऱ्हाड कधीं पडली हें सर्वजण विसरून गेलेले असतात. म्हणून बागेंतील ‘रिकामी’ जागा ही रिकामी नसते. ती झाडाचा अर्धा भाग आहे. केवळ आपल्या डोळ्यांस न दिसणारा.

उलट पक्षीं, अशी मोकळी माती व अशी सांवली शहरासाठीं काय करते तें पाहा. झाडाचीं मुळें जमिनींतून पाणी ओढतात व पानें तें वाफेच्या रूपानें सोडतात. या क्रियेंत उष्णता खर्च होते, व झाडाखालची हवा थंड राहते. मातीच्या माठांत पाणी थंड होतें तें याच न्यायानें. चैत्र-वैशाखांत डांबरी रस्त्यावरून बागेच्या फाटकांत पाऊल टाकतांच जो गारवा अंगास लागतो, तो केवळ सांवलीचा नव्हे. आणि जुलईच्या मुसळधार पावसांत, सभोंवारचे रस्ते तुंबत असतां, ती माती स्पंजाप्रमाणें पाणी पिऊन घेते.

आतां त्या प्रसंगाकडे वळूं, ज्यांत या बागेचें अस्तित्वच पणास लागलें. २००७ सालीं या उद्यानाचा कायापालट करून तेथें परदेशी धर्तीचा भव्य प्राणिसंग्रह उभारण्याची योजना महानगरपालिकेनें पुढें मांडली. थायलंडमधील एका कंपनीकडे आराखडा होता, आणि खर्चाचा अंदाज चारशें कोटींहून अधिक होता. नव्या इमारती, नवे तलाव, नवीं दालनें, सारें कांहीं त्या आराखड्यांत होतें; पण त्यासाठीं दीडशें वर्षांचे वृक्ष व त्यांची माती यांचें काय होणार, याचें समाधानकारक उत्तर मिळेना. तेव्हां मुंबईंतील कांहीं नागरिक एकत्र आले, आणि त्यांत स्त्रियांचा पुढाकार मोठा होता. त्यांनीं बाग वांचविण्यासाठीं समिति स्थापन केली. मला सर्वांत महत्त्वाचें वाटलें तें त्यांचें साधन. त्यांनीं नुसता आरडाओरडा केला नाहीं. त्यांनीं झाडें ओळखलीं, मोजलीं, त्यांच्या याद्या केल्या, आणि लोकांस बागेंत हिंडवून झाडांची ओळख करून दिली. ‘तीनशें झाडें जातील’ असें म्हटलें तर कोणी हळहळत नाहीं; पण ‘ही गोरखचिंच, ही उर्वशी, हा सीता अशोक धोक्यांत आहे’ असें म्हटलें कीं माणूस थांबतो. ही बाग शहराच्या वारसास्थळांच्या यादींत आहे, हाहि मुद्दा त्यांनीं लावून धरला. अखेर मूळची भव्य योजना मागें पडली, व तिच्या जागीं आटोपशीर अशी सुधारित योजना पुढें आली.

याचा अर्थ असा नव्हे कीं, झाडांच्या कैवाऱ्यांचा सर्वस्वी जय झाला. २०१६ सालीं कोरियांतून आठ हंबोल्ट पेंग्विन पक्षी येथें आणण्यांत आले. त्यांपैकीं एक त्याच वर्षीं दगावला, आणि उरलेले २०१७ सालीं लोकांस पाहण्यास खुले झाले. दक्षिण अमेरिकेच्या थंड सागरतीरावरच्या या पक्ष्यांसाठीं मुंबईच्या उकाड्यांत कायमची गारवायंत्रें चालवावीं लागतात. प्राण्यांचीं नवीं दालनेंहि बांधलीं गेलीं. त्यामुळें बागेंत गर्दी पुष्कळ वाढली. माझा नातू त्या कांचेपुढून हालेना, आणि त्याच्या डोळ्यांतील आनंद पाहून त्यास रागावण्याचें धैर्य मला झालें नाहीं. मुलांनीं प्राणी पाहावे, यांत वावगें कांहींच नाहीं. माझें म्हणणें इतकेंच कीं, त्या कांचेपासून शंभर पावलांवर उभी असलेली गोरखचिंच त्यास कोणी दाखविली नाहीं तर त्याचें मोठें नुकसान होतें. पेंग्विन पाहण्यासाठीं पैसे खर्चावे लागतात. झाड पाहण्यासाठीं केवळ सांगणारें माणूस लागतें. परततांना मीं नातवास सीता अशोकापाशीं नेलें व माझी शाळेंतील चूक त्यास सांगितली. तो क्षणभर गप्प राहिला, आणि मग म्हणाला, ‘आजोबा, मग तुम्ही दुसरें कां नाहीं लावलें?’ मजपाशीं उत्तर नव्हतें.

श्रोतेहो, कायद्याचें साह्य आज आपणांस नाहीं असें नाहीं. नागरी भागांतील झाडांच्या जतनासाठीं महाराष्ट्रांत १९७५ सालीं कायदा झाला. २०२१ सालीं त्यांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षें वा अधिक वयाच्या झाडास ‘वारसा वृक्ष’ ही संज्ञा मिळाली. आणि एखादें झाड तोडावयाचेंच झालें तर त्याच्या वयाइतकीं नवीं झाडें लावावीं, असें तत्त्व मान्य झालें. हा कायदा मुंबईपुरताच नसून आमच्या त्र्यंबकसारख्या नगरपरिषदेच्या गांवासहि लागू आहे. पण ‘वयाइतकीं झाडें’ या शब्दांचा उपयोग तेव्हांच होईल, जेव्हां झाडाचें वय व नांव कोणीतरी आधीं लिहून ठेवलें असेल. तोडण्याच्या दिवशीं विचारपूस करूं लागलें तर उत्तर एकच मिळतें, आणि तें मीं स्वतःच्या हातानें एकदां लिहिलेलें आहे: ‘एक रानटी झाड.’

आमच्या गांवीं बारा वर्षांनीं सिंहस्थ येतो. मागचा २०१५ सालीं झाला; पुढचा २०२६-२७ चा. लाखों यात्रेकरूंसाठीं रस्ते हवेत, घाट हवेत, गाड्या उभ्या करावयास जागा हवी. हें सर्व मला कळतें. पण गोदावरी ब्रह्मगिरीवर औदुंबराच्या मुळाशीं प्रकट झाली, असें आम्ही यात्रेकरूंस सांगतों. जिची कथाच झाडाच्या मुळापासून सुरू होते, तिच्या कांठच्या माणसांनीं झाडें न ओळखावीं, हें शोभत नाहीं. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून मीं एक वही केली आहे. शेजारचीं चार-पांच मुलें बरोबर घेऊन रविवारीं सकाळीं निघतों. झाडापुढें उभे राहतों, दोरीनें खोडाचा घेर मोजतों, नांव विचारून लिहितों, आणि नांव न कळल्यास पान व फूल घेऊन एखाद्या जाणत्या वैद्याकडे जातों. आजवर एकशें बारा झाडें वहींत आलीं. त्यांत सीता अशोक एकच सांपडला, आणि तो नातवानें गेल्या आषाढांत आमच्या परसांत लावलेला. त्याची उंची वीतभर आहे.

आपण मुंबईस गेलांत तर राणीच्या बागेंत अवश्य जा. बुधवारीं ती बंद असते, एवढें लक्षांत ठेवा. मुलांना पेंग्विन दाखवा, हत्ती दाखवा, संग्रहालय दाखवा. आणि मग त्यांचा हात धरून निदान पांच झाडांखालीं उभे राहा व पाट्या मोठ्यानें वाचावयास सांगा. आणि घरीं परतल्यावर आपल्या दारापुढच्या झाडाचें नांव काय, हेंहि त्यांस विचारा. त्यांस तें सांगतां आलें नाहीं आणि आपणांसहि नाहीं, तर वहीचें पहिलें पान त्याच झाडासाठीं ठेवा. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.